सीट बदलू की सीटखाली बघू? वाचकांचे प्रश्न, गॅरेजची उत्तरं

गणपती झाले, चाकरमानी परतले, आणि आता घरोघरी कंबर धरून लोक गाडीकडे संशयाने बघायला लागलेत असं दिसतंय. या महिन्यातले बहुतेक प्रश्न जुन्या गाडीच्या पुढच्या सीटचेच आलेत, म्हणून सगळी पानं त्यालाच दिली. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं गाळून गाव तेवढं ठेवलंय. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो म्हणजे प्रत्येक उत्तरात तेच तेच नको. किनाऱ्यावरच्या गाडीत तक्रार सीटची असली तरी दुखणं बऱ्याचदा सीटच्या खाली असतं, सीट ज्यावर मागेपुढे सरकते त्या रेलमध्ये, बोल्टात नाहीतर फ्लोअरच्या पत्र्यात. त्यामुळे कुशनवाल्याला फोन लावायच्या आधी टॉर्च घ्या आणि खाली वाका.

प्रश्न (राजापूर): २००४ ची मारुती ८०० आहे, सेकंड हँड घेतलेली. ड्रायव्हरची सीट उजवीकडे कलते, तासभर चालवली की कंबर एका बाजूने भरून येते. गॅरेजवाला म्हणतो अख्खी सीट बदल, कुशनवाला म्हणतो फोम भर, मेव्हणा म्हणतो गाडीच बदल. कोणाचं ऐकू?

उत्तर: मेव्हण्याला चहा पाजा आणि बसवून ठेवा, त्याचं पुढे काम आहे.

उजवीकडे कलणं हे आपल्याकडच्या ड्रायव्हर सीटचं नेहमीचंच. दरवाजा उजवीकडे, त्यामुळे चढता उतरताना रोज सगळं वजन त्याच कडेवर पडतं, आणि वीस वर्षं हेच चाललं की तिथला फोम मरतो. पण फोमच मेलाय की आणखी काही, हे आधी बघायचं. गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, सीटवर कोणी बसू नका आणि मागच्या सीटवर बसून पुढची पाठ बघा, सरळ उभी आहे का तिरकी. मग मेव्हण्याला पुढे बसवा आणि परत बघा. रिकामी असताना सरळ आणि माणूस बसल्यावर तिरकी होत असेल तर गादी किंवा स्प्रिंग. रिकामीच तिरकी असेल तर फ्रेम, रेल नाहीतर खालचा पत्रा. आता दोन्ही हातांनी सीटची बैठक धरून हलवा, अख्खी सीट कटकट वाजत हलली तर बोल्ट किंवा रेल, आणि बैठक गच्च राहून फक्त पाठ हलली तर रिक्लायनर, म्हणजे पाठ मागेपुढे करायच्या खटक्याचे दांते.

गादीचा प्रश्न निघाला तर सीट काढून उलटी करा. चार बोल्ट असतात, दोन पुढे दोन मागे. सीट पूर्ण मागे सरकवली की पुढचे दिसतात, पूर्ण पुढे घेतली की मागचे. जपानी घराण्यातल्या गाड्यांना बहुधा १२ किंवा १४ चा गोटी पाना लागतो. उलटी केल्यावर खाली वळणावळणाच्या स्प्रिंगा दिसतील, त्यातली एखादी कडेच्या आकड्यातून सुटलेली असते किंवा गंजून तुटलेली असते, आणि तुटलेलं टोक फोम पोखरत वर येत असतं. काही जणांना पँटला भोक पडल्यावर मगच कळतं. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये एक थर असतो, जुने कारागीर तिथे गोणपाट घालायचे. घाटावर ते ठीक, पण आपल्याकडे गोणपाट ओल धरून ठेवतं आणि स्प्रिंगा परत गंजतात, म्हणून जाड कॅनव्हास किंवा न भिजणारं फेल्ट घालायला सांगा. स्प्रिंगा घासून प्राइमर आणि रंग मारून मगच वर थर चढवायचा. कुशनवाले या पायरीला हमखास टाळतात कारण ती दिसत नाही.

फोम घालताना सोफ्याचा मऊ फोम नको, महिन्यात बसतो. आणि तुकडे दाबून बनवलेला चिप फोम बैठकीच्या वरच्या थराला नको, दगडावर बसल्यासारखं होतं. नवा फोम फक्त दबलेल्या कडेला कापून चिकटवता येतो, अख्खी गादी बदलायलाच हवी असं नाही. आणि जास्त भरू देऊ नका. दुकानात बसून बघताना फुगलेली सीट छान वाटते, मग घाटात प्रत्येक वळणाला त्या उंचवट्यावरून माणूस घसरतो.

अख्खी सीट कधी बदलायची? फ्रेमच्या पाइपला तडा गेला असेल, रिक्लायनरचे दांते झिजले असतील किंवा रेल वाकली असेल तर. फ्रेमच्या साध्या पाइपला चांगला वेल्डर टाका मारू शकतो, पण रिक्लायनरला वेल्डिंग मारून पाठ एकाच जागी फिक्स करून देणारे लोक आहेत, त्यांच्या नादी लागू नका. मागून कोणी ठोकलं तर तीच पाठ तुम्हाला धरून ठेवणार असते.

प्रश्न (मालवण): माजी अल्टो आसा, सारख्या तारकर्लीक जावचा लागता. ड्रायव्हरची सीट मागे जाता पण फुडे येना नाय, आणि ब्रेक मारलो की कधी कधी आपसूक सरकता. काय करूचा?

उत्तर: भाऊ, तुम्ही दोन तक्रारी लिहिल्यात, पहिली त्रासाची आहे आणि दुसरी जिवाची. ब्रेक मारल्यावर सीट सरकते याचा अर्थ सीट जागच्या जागी धरणारा खटका पूर्ण बसत नाहीये. तुम्ही ब्रेकवर जोर देता आणि सीट मागे गेली की पाय पेडलवरून सुटतो, हे कर्लीच्या पुलावर झालं तर काय होईल ते मी सांगायला नको. नीट होईपर्यंत गाडी उभी ठेवा.

सीटखाली दोन रेल असतात, आणि बऱ्याच गाड्यांत दोन्हींना आपापला खटका असतो. तुम्ही ओढता ती दांडी दोन्ही खटके एकदम उचलते, कुठे थेट तर कुठे मधल्या तारेने. तार ढिली झाली किंवा एका रेलमध्ये वाळू भरली की एक बाजू लागते आणि दुसरी अधांतरी राहते. मग सीट तिरकी धावते, एका बाजूला अडकते, आणि जोराचा धक्का बसला की एकट्या खटक्याला ते झेपत नाही. तपासायला सोपं आहे. इंजिन बंद, हँडब्रेक वर, सीट रेलच्या एका घरात, म्हणजे खाचेत, बसवा आणि दोन्ही पाय फ्लोअरवर रोवून पाठीने जोरात मागे रेटा. जरा जरी सरकली तरी खटका लागलेला नाही.

समुद्राकाठी या सगळ्याचं मूळ वाळू, आणि वाळूपेक्षा वाईट म्हणजे वाळू आणि ग्रीस एकत्र. कोणीतरी कधीतरी रेलला चाकाच्या बेअरिंगचं जाड ग्रीस फासलेलं असतं, त्यावर वाळू बसते आणि त्याचं घासायचं रसायन तयार होतं. सीट काढून रेल उघड्या करा, आधी कोरड्या ब्रशने आणि व्हॅक्यूमने वाळू काढा, पंक्चरवाल्याकडची हवा मारलीत तरी चालेल पण डोळ्यांवर चष्मा लावून. मग रॉकेल मिळालं तर रॉकेल नाहीतर डिझेल, त्यात फडकं भिजवून जुनं ग्रीस पुसून काढा, सुकू द्या, आणि सरकण्याच्या जागेवर पांढऱ्या लिथियम ग्रीसचा पातळ हात किंवा सिलिकॉन स्प्रे. खटक्याच्या दातांवर काही फासू नका. इंजिन ऑइल तर नकोच, ते खाली कार्पेटमध्ये उतरतं आणि उन्हाळाभर वास मारतं.

रेलमध्ये काय काय सापडतं ते एकदा बघाच. नाणी, पेनाचं टोपण, शहाळ्याची स्ट्रॉ, काजूची बी. एका सीटच्या रेलमध्ये मला माडाच्या झावळीचा हीर इतका व्यवस्थित आडवा बसलेला मिळाला की मुद्दाम पाचर मारल्यासारखा वाटला, आणि त्या मालकाने तोपर्यंत नवीन सीटचे पैसे विचारून ठेवले होते.

परत बसवताना एक काळजी घ्या, दोन्ही बाजूच्या रेल एकाच घरात आहेत ना ते मोजून बघा. एक बाजू एक घर पुढे राहिली तरी बोल्ट बसतात, पण सीट कायम अडखळते. चारही बोल्ट आधी हाताने दोन चार आटे बसवायचे, सीट मागेपुढे सरकवून बघायची आणि मगच आवळायचे.

प्रश्न (चिपळूण): जुलै २०२१ च्या पुरात वॅगन आर सीटपर्यंत बुडाली होती. तेव्हा धुवून, वाळवून, इंजिनचं काम करून चालू केली, तशी बरी चालतेय. आता सीट हलते म्हणून काढायला गेलो तर मागचा बोल्ट तुटून अर्धा आतच राहिला, आणि कार्पेट उचललं तर पत्रा पापडासारखा. आता नवीन सीट घेऊन उपयोग आहे का?

उत्तर: आधी पत्रा, मग सीट. हा क्रम उलटा करायला सांगणाऱ्याकडे जाऊ नका.

२२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी ज्या गाड्यांत शिरलं त्यातल्या बऱ्याच वरून धुतल्या गेल्या, पण कार्पेटखालच्या फेल्टमध्ये गाळ राहिला तो राहिलाच. फेल्ट एकदा भिजलं की वरून कोरडं लागतं आणि खाली महिनोन्महिने ओलं असतं, त्यात दर पावसाळ्यात ओल्या चपलांचं पाणी. म्हणून आधी दोन्ही पुढच्या सीट आणि कार्पेट पूर्ण बाहेर काढा, फेल्ट फेकून द्या. वाळवून परत घालू नका, नवीन मिळतं.

तुटलेला बोल्ट. सीटचा बोल्ट ज्यात बसतो तो नट पत्र्याला आतून वेल्ड केलेला असतो, तो फिरायला लागला की वरून कितीही पाना फिरवा बोल्ट निघत नाही. उरलेल्या तुकड्यावर गंज सोडवणारा स्प्रे वरूनही मारा आणि गाडी वर घेऊन खालूनही, रात्रभर ठेवा. सकाळी त्या तुकड्यावर एक नट ठेवून वेल्डिंग मारायचं आणि तो नट पान्याने फिरवायचा, वेल्डिंगच्या उष्णतेने गंज सुटतो आणि बऱ्याचदा तुकडा निघून येतो. घाई करून एकाच दिशेला जोर लावायचा नाही, पाव फेरा सोडायचा, परत थोडा आवळायचा, परत सोडायचा. नाही निघाला तर ड्रिल मारून आटे नवीन पाडणे नाहीतर अख्खा नटच बदलणे.

पण वेल्डिंगच्या आधी हे वाचा. फ्लोअरच्या खालून पेट्रोलची आणि ब्रेकची पाइप जाते, कार्पेटखालून वायरिंग जातं. बॅटरीची निगेटिव्ह काढा, पाइप कुठून जातात ते गाडी वर घेऊन डोळ्यांनी बघा, फेल्ट आणि कार्पेट गाडीत नको, बाजूला पाण्याची बादली आणि आग विझवायचा सिलिंडर हवा. "अरे काय होत नाय" म्हणणाऱ्या वेल्डरला नमस्कार करून दुसरा शोधा.

पत्र्याचं म्हणाल तर स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. टणक आवाज येतो तिथपर्यंत पत्रा जिवंत, जिथे बद्द आवाज येतो किंवा टोक आत जातं तिथे मेलेला, आणि दिसणाऱ्या भोकापेक्षा मेलेला भाग नेहमी मोठा निघतो. तेवढा कापून काढायचा, त्याच जाडीचा किंवा किंचित जाड पत्रा चारी बाजूंनी वेल्ड करायचा. सीट नुसत्या पातळ फ्लोअरवर नसते, खाली आडवी पट्टी असते तिच्यावर तिचा भार येतो. ती आडवी पट्टी शाबूत असेल तर काम आवाक्यातलं आहे. तीच सडली असेल तर आधी अख्ख्या कामाचा अंदाज घ्या आणि गाडीच्या किमतीशी ताडून बघा. सडक्या पत्र्याखाली मोठा वायसर घालून बोल्ट आवळून देणं, किंवा रिबिटा मारून वर सिलिकॉन फासणं, हे सीटच्या जागी चालत नाही. माणसाचं वजन आणि अपघाताचा झटका तिथेच येतो.

वेल्डिंगनंतर प्राइमर, सांध्यांना सीलर, खालून कोटिंग, आणि हे सगळं आगोटीच्या आधी कोरड्या हवेत. आत्ता ऑक्टोबरात ऊन पडायला लागलं की करून घ्या.

पाणी अजूनही येतंय का तेही बघा, कारण पूर एकदाच आला पण गळती रोजची असू शकते. डाव्या बाजूला पायाशी ओल असेल तर एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. काचेखालच्या जाळीत आंब्याफणसाची पानं साचून पाणी आत वळतं. दरवाज्याच्या आतल्या प्लॅस्टिक शीटची कड सुटली किंवा खालची भोकं मातीने बुजली तरी तेच होतं. एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी सोडायचं, खालून सुरुवात करून हळूहळू वर. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर काहीच कळत नाही.

आणि पट्टा. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर भागावर मातीची रेघ असेल तर त्याच्या गुंडाळीतही गाळ गेलाय. झटका दिल्यावर लॉक होत नसेल किंवा परत आत जाताना अडकत असेल तर तो धुवून चालणार नाही, बदला. जुनी गाडी किंवा भंगारातली सीट घेताना बाकीच्या वाचकांनीही हीच रेघ बघावी, पुरातल्या गाड्या गावोगाव फिरतात.

प्रश्न (दापोली): मी शिक्षिका आहे, उंची चार फूट दहा इंच. जुनी सॅन्ट्रो आहे, चढ आला की बॉनेटच्या पुढचा रस्ताच दिसत नाही. खाली उशी घेते पण ती ब्रेक मारताना सरकते. सीट खालून लोखंडी तुकडे घालून उंच करून मिळेल असं एक जण म्हणतोय. करू का?

उत्तर: बाई, लोखंडी तुकड्यांना नाही म्हणा. सीट आणि फ्लोअरच्या मध्ये ठोकळे घातले की लांब बोल्ट लागतात आणि झटका बसला की त्या लांबीमुळेच बोल्टावर वाकवणारा जोर येतो. हार्डवेअरच्या दुकानातला कुठलाही बोल्ट तिथे चालत नाही. डोक्यावर ८.८ किंवा त्याहून वरचा आकडा असलेलाच लागतो, आणि कंपनीचा मूळ बोल्ट सगळ्यात बरा. शिवाय नुसता पुढचा भाग किंवा नुसता मागचा भाग उचलून दिला की बैठकीचा उतार बदलतो, पुढे उतरती झाली तर धडकेत माणूस पट्ट्याखालून घसरतो आणि पट्टा पोटावर चढतो.

उशी सुटी असली की सरकणारच. त्यापेक्षा चांगल्या कुशनवाल्याकडून बैठकीतच उंची वाढवून घ्या. कव्हर काढून आत घट्ट फोमचा तुकडा, पुढेमागे सारख्याच जाडीचा, मूळ फोमला चिकटवून वर कव्हर परत शिवून. मात्र बैठक पुढे उतरती होऊ द्यायची नाही. साधारण दोन इंचापर्यंत उंची अशी मिळते आणि नजरेत बराच फरक पडतो. टेलरकडे ब्लाउजचं माप देता तसं स्वतः दोनदा बसून बघा, घाई करू देऊ नका.

मग सीट लावायचा क्रम. आधी उंची. मग क्लच पूर्ण तळाला दाबा आणि सीट अशी सरकवा की तेव्हाही गुडघा थोडा वाकलेला राहील. क्लच दाबताना कंबर सीटवरून उचलली जात असेल तर आणखी पुढे. मग पाठ अशी करा की खांदे टेकलेले असताना हात लांब केल्यावर मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेला लागेल. डोक्यामागचा भाग डोक्याच्या उंचीला. शेवटी आरसे, कारण सीट हलली की आरसे चुकतात. बुटक्या माणसाची अडचण अशी की पायासाठी पुढे आलं की छाती स्टिअरिंगला चिकटते. छाती आणि स्टिअरिंगच्या मध्ये निदान २५ सेंटिमीटर हवेत, एअरबॅगची गाडी असेल तर हे पाळायलाच पाहिजे. तेवढं अंतर राहत नसेल तर पाठ थोडी मागे कलती करा. चप्पल काढून कमी टाचेचा बंद बूट घातलात तर पेडलवरही सोपं जाईल.

प्रश्न (अलिबाग): मुलगा सहा फुटी, गाडी जुनी झेन. त्याला मोठ्या गाडीच्या बकेट सीट भंगारातून आणून बसवायच्या आहेत, दिसायलाही भारी. आरटीओचा त्रास होईल का?

उत्तर: आरटीओ नंतर, आधी टेप घ्या. रेलच्या भोकांमधलं अंतर आडवं आणि उभं, सीटची रुंदी, दरवाजा लागतो का, हँडब्रेक वर येतो का, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे छत. मोठ्या गाडीची सीट बहुधा उंच आणि जाड असते, सहा फुटी मुलाचं डोकं आधीच छताला लागत असेल तर नवीन सीटवर तो मान वाकवून चालवणार. उंच माणसाला जाड सीट नको, पातळ हवी. बऱ्याचदा जुन्या सीटची पाठ जरा मागे आणि बैठकीतला वाढीव फोम कमी, एवढ्यावर भागतं.

भोकं जुळली नाहीत की लोक ॲडाप्टर पट्टी बनवतात किंवा फ्लोअरला नवीन भोक पाडतात. नवीन भोकाला खाली आडवी पट्टी नसते. दुसरं, पट्ट्याचं बक्कल काही गाड्यांत फ्लोअरला असतं आणि काहींत सीटलाच. बक्कलवाली सीट जाऊन बिनबक्कलची आली की पट्टा लावायचा कशात? आणि नव्या गाडीच्या सीटमध्ये बाजूची एअरबॅग असेल, खाली पिवळं कनेक्टर दिसलं, तर त्या सीटला हातोडा, ड्रिल, वेल्डिंग काही नको. त्या गाडीतून सीट काढायची झाली तर आधी बॅटरी सोडून, मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढा वेळ थांबून मगच.

कायद्याचं सांगायचं तर कंपनीने ठरवलेल्या रचनेत मनाने बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बंधन आहे, आणि आरसीवर आसनसंख्या लिहिलेली असते. त्याच मॉडेलची सीट बदलली, कव्हर बदललं, यात अडचण नाही. पण गाडी १५ वर्षांची झाली की आरसी नूतनीकरणाला तपासणी होते, तेव्हा वेल्डिंगचा जुगाड अधिकाऱ्याने विचारला तर उत्तर काय देणार? त्याच मॉडेलची सीट शोधायची तर कुर्ल्याचं मार्केट आहे, अलिबागहून ते काही लांब नाही.

प्रश्न (सावंतवाडी): वडिलांची प्रीमियर पद्मिनी आहे, पुढे एकच लांब सीट. स्प्रिंगा बसल्यात, रेग्झिन फाटलंय. दोन वेगळ्या सीट बसवून घेऊ का? पट्टेही नाहीत.

उत्तर: कृपा करा आणि ती बाकासारखी सीट मोडू नका. स्टिअरिंगवरचा गिअर आणि पुढे सलग सीट हेच त्या गाडीचं रूप. मुंबईतल्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये संपल्या, त्यांच्यावर चालणारे सीट मेकरही आता कमी होत जाणार, म्हणजे काम करायचं तर लांबणीवर टाकू नका.

त्या काळच्या सीटमध्ये गोल स्प्रिंगांचा सांगाडा आणि वर काथ्याचा थर असायचा, रबर मारलेला काथ्या. आपल्याकडे काथ्याला तोटा नाही, पण सुंभाचा सुटा काथ्या भरू नका, तो गोळा होतो. गादीवाल्यांकडे रबराइज्ड कॉयरची शीट मिळते ती मापाने कापून घ्या, वर इंचभर फोम, त्यावर रेग्झिन. फोमपेक्षा काथ्यातून हवा खेळते, मे महिन्यात फरक कळतो. तुटलेल्या स्प्रिंगा बदलून सांगाड्याला रंग मारून घ्या. जुनं कव्हर फेकू नका, शिवणीवर उसवून त्याचाच नमुना करायचा, पट्ट्यांची रुंदी आणि पायपिंग तसंच येतं. सावंतवाडीत जमलं नाही तर आंबोली चढून कोल्हापूरला उद्यमनगरात चौकशी करा.

पुढच्या सीटला पट्टे देणं कंपन्यांना १९९४ पासून बंधनकारक झालं, तुमची त्याआधीची असावी. तरी बसवून घ्या. दाराच्या खांबाला आणि फ्लोअरला मागून जाड लोखंडी प्लेट देऊन, पट्ट्याचे स्वतःचे कडक बोल्ट वापरून. सीटचे बोल्ट आणि पट्ट्याचे बोल्ट एकमेकांच्या जागी घालायचे नाहीत. पट्टा असून न लावल्याचा दंड हजार रुपये आहे, पण बसवायचा तो दंडासाठी नव्हे.

प्रश्न (गुहागर): आई ७६ वर्षांची, गुडघे दुखतात. डाव्या सीटवर बसताना उतरताना रडकुंडीला येते. फिरणारी सीट मिळते का?

उत्तर: मिळते, पण सगळ्या जुन्या गाड्यांत बसत नाही आणि खर्चिक आहे. आधी हे करून बघा. आई यायच्या आधी सीट पूर्ण मागे आणि पाठ थोडी कलती. गाडी पायरीला किंवा गटाराच्या कठड्याला चिकटून नको, जरा लांब लावा म्हणजे दार पूर्ण उघडेल. आईने पाठमोरं होऊन आधी बसायचं, मग दोन्ही पाय एकदम आत घ्यायचे. बैठकीवर गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरली की वळणं सोपं होतं, बसून झाल्यावर ती काढून घ्या, नाहीतर ब्रेक मारल्यावर त्या पुढे घसरतील. उतरताना दार धरून उठू देऊ नका, दार हलतं. पुढच्या सीटला वर कडी नसेल तर ती बसवून मिळते, पण छताच्या आत मूळ जागा असेल तरच.

प्रश्न (हर्णै): बंदरावरून येताना डाव्या सीटवर कोळंबीची पिशवी फुटली. तीन वेळा शॅम्पूने धुतलं, अत्तर मारलं, आता अत्तर आणि म्हावरं दोन्हींचा वास येतो. सीट बदलू?

उत्तर: सीट नको, कव्हर काढा. वास कव्हरमध्ये कमी आणि फोममध्ये जास्त असतो, आणि शॅम्पू वरून ओतला की तेच पाणी आणखी खोल जातं. आधी चार बोल्ट काढून सीट बाहेर अंगणात. कव्हर वेगळं धुवा, गार पाण्याने, गरम पाण्याने तो वास बसतो. फोमवर पाणी ओतत दाबत राहा, खालून निघणारं पाणी स्वच्छ होईपर्यंत, मग खाण्याचा सोडा भुरभुरवून काही तास ठेवा आणि झटका. सुकायला कडक ऊन लागतं, एक दिवस पुरत नाही. वरून कोरडा लागला तरी मधे बोट दाबून बघा, ओला फोम गाडीत घातला तर आठवड्यात बुरशी. सीट बाहेर आहे तोवर कार्पेटखालीही हात घालून बघा, पिशवीतलं पाणी बहुधा तिथेच उतरलेलं असतं.